झुल्याला झोल हवा

राजापेठेत खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांचे आधी पाय दिसले, मग आवाज ऐकू आला, आणि बाकीचे घरमालक बऱ्याच वेळाने दिसले. दुपारचे चार वाजले होते. बाहेर शिकवणीला जाणाऱ्या पोरापोरींच्या स्कूट्यांचा गलका चालला होता. पुढच्या लांबट खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुती दोरीचा जाळीदार झुला टांगलेला होता आणि त्यात एक माणूस तिरपा झोपला होता. डोकं एका काठाला, पाय दुसऱ्या काठाबाहेर.

"खोलीसाठी आले का?" झुल्याने विचारलं.

"हो."

"काय करता?"

"शिकवणी वर्गात गणित शिकवतो. गाव नांदगाव खंडेश्वर."

"घोरता का?"

"नाही."

"मंग ठीक आहे. वरची खोली खाली आहे. थांबा, उतरतो. झुल्यातून उतराची घाई केली का मानूस तोंडावर पडते."

आणि ते उतरले. आधी दोन्ही पाय एकाच बाजूला घेतले, तळव्यांनी फरशी चाचपली, झुल्याचा काठ दोन्ही हातांनी धरून थोडा वेळ खुर्चीत बसल्यासारखे बसले आणि मग उभे राहिले. सत्तरीला टेकलेला, काळासावळा, सडपातळ माणूस. हात मात्र शरीराच्या मानाने फार मोठे. वीज खात्यात तीस वर्षं लाईनमन होते. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची, मीही म्हणू लागलो.

त्या घरात सोफा नव्हता. आतल्या खोलीत एक दिवाण होता, तो काकूंचा. काका दुपारी झुल्यात, रात्री झुल्यात, पेपर वाचायला झुल्यात. चहा तेवढा खाली उतरून, कारण दोरीवर पडलेला चहाचा डाग जात नाही. रोज सकाळी तोंड धुतल्यावर ते एका टोकाच्या हुकापासून दुसऱ्या टोकाच्या हुकापर्यंत दोरीवरून अंगठा फिरवत जात. दोरी हुकावर जिथे घासते तिथे विशेष थांबत. तिथे त्यांनी जुन्या सतरंजीची पट्टी गुंडाळली होती आणि ती झिजली की बदलत असत. "खांबावर चढाच्या आधी पट्टा पाहाचा, झुल्यात चढाच्या आधी गाठ पाहाची," असं ते म्हणत आणि मग स्वतःच मान डोलवत.

पाहुण्यांचे हाल व्हायचे. झुल्यात बसून बघायची इच्छा प्रत्येकालाच होई. पण आधी किल्ल्या, पेन, कंगवा, पट्टा, घड्याळ असं सगळं काढून शेजारच्या स्टुलावर ठेवावं लागे. एकदा त्यांचा तेल्हाऱ्याचा एक जुना सहकारी आला आणि गप्पांच्या भरात तसाच आत शिरला. शर्टाचं बटण जाळीत अडकलं. माणूस उठू बघतो, तर झुला त्याच्याबरोबर उठतो. काका शांतपणे कात्री घेऊन आले. पाहुण्याला वाटलं, आता जाळीची दोरी कापणार. काकांनी बटण कापलं.

"बटन बाजारात भेटते," एवढंच म्हणाले.

दर दोन महिन्यांनी रविवारी झुला धुण्याचा कार्यक्रम असे. पहिल्याच खेपेला मी त्यात सापडलो. वॉशिंग मशीनचं नाव मी काढलं आणि काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या नातीला मशीनमध्ये घाला म्हणालो होतो. आधी दोन्ही टोकांच्या दोऱ्या नाड्याने घट्ट बांधायच्या, म्हणजे जाळीचा गुंता होत नाही. मग मोठ्या टबात कोमट पाणी, त्यात रिठ्याचा फेस. घासायचा नाही, पिळायचा तर मुळीच नाही. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. मग गच्चीवर पत्र्याच्या सावलीत दोन काठ्यांवर पसरायचा आणि तासातासाने उलटायचा.

"ऊन चांगलं आहे की," मी म्हणालो. "एका तासात वाळेल."

"सर, हा आपल्याच मातीतला कापूस. त्यानं शेतात लय ऊन पाह्यलं. आता त्याले सावली द्या."

दोरी उन्हात कडक होते आणि मग तुटते, हे कारण त्यांनी नंतर सांगितलं. आणि ओलसर असताना घडी घातली तर बुरशी येते, हे त्याच्याही नंतर. त्या दिवशी झुला पूर्ण वाळेपर्यंत काका घरभर असे फिरत होते, जणू कुणीतरी त्यांना घराबाहेर काढून कुलूप लावलं आहे.

मे महिन्यात माझी वरची खोली तव्यासारखी तापली. गादीवर पाठ टेकवेना. खालच्या झुल्याचं वारं डोक्यात शिरलंच होतं. मी ऑनलाईन एक नायलॉनच्या कापडाचा हिरवा झुला मागवला, भिंतींना दोन हुक ठोकून घेतले आणि काकांना न विचारता तो टांगला. अगदी ताणून. खाटेसारखा सपाट झाल्यावर मला फार समाधान वाटलं. मी त्यात बसलो, आडवा झालो, आणि एका बाजूचा हुक मूठभर प्लास्टरसकट बाहेर आला.

आवाज ऐकून काका वर आले. मी फरशीवर कंबर धरून बसलो होतो. त्यांनी आधी भिंतीचं भोक बघितलं, मग हुक उचलून बघितला, आणि मग मला विचारलं, "तुमाले लागलं का?"

"थोडं."

"हा झुला बांधला का कपडे वाळत घालाची दोरी?"

"सपाट बांधला, म्हणजे पाठ सरळ राहील."

"पाठ सरळ पायजे तर तिरपं झोपा. झुल्याले काहून सरळ करता?" ते माझ्याजवळ खाली बसले. "आमच्या खात्यात नवीन मानूस येये, तो तार अशी ताने का वाजवून घ्या. पाहाले सुंदर. पन हिवाळ्यात तार आखडते. तिच्यात झोल नसला तर ती तुटते, नाई तर खांब वाकवते. तारेले झोल पायजे अन् झुल्याले बी झोल पायजे. तुमी गणित शिकवता न? मंग काढा. किती जोर पडला या हुकावर?"

मी खरंच काढलं. झुला ज्या खोक्यातून आला होता त्याच्याच पुठ्ठ्यावर आकृती काढली. माझं वजन पासष्ट किलो. दोरी आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक हुकावर बरोबर माझ्या वजनाइतकाच ताण येतो. मी बांधला होता तसा पाच अंशांचा कोन असेल, तर ताण जातो पावणेचारशे किलोच्या घरात. ही उदाहरणं मी वर्षानुवर्षं फळ्यावर सोडवत होतो. त्यातलं एकही कधी माझ्या कंबरेपर्यंत आलं नव्हतं.

"किती?" काकांनी विचारलं.

"पावणेचारशे."

"पाहा. झोल ठेवला तर तुमी पासष्टचे. ताणला तर बैल झाले."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तारेनं," काका म्हणाले आणि हुक कुठे ठोकायचा ते दाखवायला उठले. हुक डोक्याच्या वर, झुल्याचा मधला भाग खुर्चीच्या उंचीवर. सुती झुला असला तर आठवडाभरात दोरी लांबते, तेव्हा गाठ पुन्हा वर घ्यायची. त्या उन्हाळ्यात मी तिरपा झोपायला शिकलो आणि मला खरोखर झोप लागू लागली.

झुला घरात कसा आला, ही गोष्ट काका प्रत्येक पाहुण्याला सांगत. चाळीस वर्षांपूर्वी ते तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यात नोकरीला होते. लग्नाला वर्ष झालं होतं. श्रावणात एक दिवस खांबावर चढले असताना वरच्या आडव्या पट्टीखालच्या गांधीलमाश्यांच्या पोळ्याला त्यांचा हात लागला. माश्या तुटून पडल्या, काकांचा हात सुटला आणि ते खाली आले. काळ्या मातीचा चिखल होता म्हणून वाचले. पण त्याच चिखलामुळे गावात बैलगाडीसुद्धा येईना. मग गावकऱ्यांनी एका बांबूला वाकळ बांधून झोळी केली, काकांना तिच्यात घातलं आणि चार जणांनी खांद्यावर घेऊन दोन कोस चालत पक्क्या सडकेपर्यंत नेलं.

"अन् सांगू का," इथे काकांचा चेहरा उजळायचा, "त्या झोयीत मले अशी झोप लागली, अशी झोप लागली, का जिंदगीत तशी लागली नाई!"

पाठीचं दुखणं पुढे राहिलं. खाटेवर झोप नाही, जमिनीवर नाही. तेव्हा पूर्णेकाठच्या एका भोयाने त्यांना मासे धरायच्या जाळ्यासारखी जाळी विणायला शिकवली. काकांनी सुती दोरी आणून पहिला झुला विणला. आता होता तो पाचवा.

ही गोष्ट सुरू झाली की काकू उठून आत जायच्या. कधी दूध बघायला, कधी कुकर बघायला. बरेच दिवस ते माझ्या लक्षात आलं नाही. काकू त्या झुल्यात कधी बसतही नसत. झाडतानासुद्धा त्याला हात लागू न देता खालून झाडू फिरवत.

बुद्धपौर्णिमेला त्यांची मुलगी अकोल्याहून बाळ घेऊन आली. ती तिकडे सरकारी नोकरीत आहे. सकाळी घरात खीर झाली, माणसांची ये-जा झाली, आणि दुपारी सगळे लवंडले. मी खाली वाटी परत द्यायला गेलो तर आतल्या खोलीत काकूंनी जुन्या साडीची झोळी बांधली होती, त्यात नात झोपली होती आणि काकू एका हाताने झोका देत होत्या.

"काकू, ही झोळी चालते तुम्हाला," मी गमतीने म्हणालो. "मग बाहेरच्या झुल्याने काय केलं?"

त्या हसल्या नाहीत. झोका देत राहिल्या.

"सर, तुमाले ते गोष्ट मजेची वाटते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी मांगून चालत होती. पुढं दोन मानसं, मांगं दोन, मधात बांबू, अन् बांबूले वाकळ. चिखल एवढा का चपला हातात. मी आवाज देल्ला, 'अवो' म्हनलं. ओ नाई. अजून एक डाव देल्ला. ओ नाई. मंग मी आवाजच देल्ला नाई. तिसऱ्यांदा बी ओ नाई आली तर? झोयी हालत होती, आतला मानूस हालत नोयता. दोन कोस मी विधवा होती, सर."

मी हातातली वाटी खाली ठेवली.

"अन् सडकेवर गेल्यावर यायनं डोये उघडले. मले पाह्यलं, अन् काय म्हनलं? 'आलं का गाव?'" आता मात्र त्यांना थोडं हसू आलं. डोळेही भरले.

"काकांना हे कधी सांगितलं नाही?"

"काय सांगू? त्यायले दुसरं कुठी झोप लागत नाई. मी सांगतलं असतं तर झुला काढून टाकला असता. मंग मानूस झोपला कुठी असता?"

ही गोष्ट मी पोटात ठेवायला हवी होती. महिनाभर ठेवलीही. पण एका संध्याकाळी शेजारचे दोघं तिघं बसले असताना काका आपल्या नेहमीच्या गोष्टीनंतर म्हणाले, "आमची बाई मात्र भेते झुल्याले. चाळीस वर्सं झाले, एक डाव बसली नाई. भित्री!" सगळे हसले. काकू आत होत्या, त्यांना ऐकू गेलं असणार. पाहुणे गेल्यावर मला राहवलं नाही. मी काकांना सगळं सांगून टाकलं.

काका ऐकत राहिले. शेवटी एकच प्रश्न विचारला, "दोन कोस?"

"हो."

दुसऱ्या दिवशी शिकवणीला जाताना पाहिलं तर भिंतीवर नुसते दोन हुक होते. झुला नव्हता. खोली एकदम मोठी आणि मोकळी दिसत होती. काका खुर्चीत पेपर घेऊन बसले होते आणि त्यांना खुर्चीत कसं बसायचं ते माहीत नसल्यासारखं वाटत होतं. काकूंनी काहून काढला विचारलं, तर म्हणाले, "कंटाळा आला." रात्री चटईवर झोपले. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते भिंत धरून चालत होते.

त्या दिवशी काकू पहिल्यांदाच जिना चढून माझ्या खोलीत आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"तुमी सांगतलं न?"

"हो. चुकलंच माझं, काकू."

"चुकलं तर खरं. आता खाली चला."

खाली आलो तर काकूंच्या हातात झुल्याची घडी होती. कपाटातल्या पिशवीतून त्यांनी स्वतः काढून आणली होती. त्यांनी ती काकांच्या मांडीवर ठेवली.

"टांगा."

"मले नाई लागत आता झुला," काका पेपरमधून वर न बघता म्हणाले.

"तुमच्यासाठी कोन म्हनते? माझ्यासाठी टांगा. मले झोपून पाहाचं आहे."

काकांनी पेपर खाली ठेवला. मग उठले आणि झुला टांगला. त्या दिवशी त्यांनी दोरीवरून तीनदा अंगठा फिरवला. स्वतः बसून बघितलं, उठले, पुन्हा बसून बघितलं. काकूंच्या उंचीसाठी गाठ चार बोटं खाली घेतली. मग शिकवू लागले. पाठमोरी उभी राहा. दोन्ही हातानं जाळी फाकव. बरोबर मधात बस, काठावर नाई. बांगड्या वर सरकव. आता पाय अन् डोकं दोन्ही संगच ने. तिरपी हो. आनखीन तिरपी.

काकू आडव्या झाल्या. जाळीचे दोन्ही काठ त्यांच्यावर मिटल्यासारखे झाले आणि त्या उभ्या माणसाला दिसेनाशा झाल्या. झुला हलकेच हलत होता.

काका बाजूला उभे होते. इतक्या वर्षांत त्यांनी तो झुला आतूनच पाहिला होता. कुणी आत असताना बाहेर उभं राहायची ही त्यांची बहुधा पहिलीच वेळ.

"कसं वाटते?" त्यांनी विचारलं.

उत्तर नाही.

"ऐकून राहिली का? कसं वाटते म्हनलं."

झुला हलत होता. आतून काही आलं नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा तो मोठा हात झुल्याच्या काठापर्यंत गेला आणि तिथेच थांबला, पुढे होईना. खांबावरून पडल्याची गोष्ट हसत हसत सांगणाऱ्या त्या माणसाचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. तिसऱ्यांदा हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

"ओ," झुल्यातून काकू म्हणाल्या.

काका मटकन फरशीवर बसले.

"घाबरले का?"

"हौ."

"किती वेळ झाला?"

"दोन मिनटं बी नसन झाले."

"बरं," काकू म्हणाल्या.

काका जमिनीवर तसेच बसून राहिले. मी जिन्याकडे वळलो, कारण ते काकूंशी काहीतरी बोलत होते आणि ते माझ्यासाठी नव्हतं. अर्ध्या जिन्यावरून एवढं मात्र ऐकू आलं, "आता उतर न." आणि काकूंचा आवाज, "थांबा. पाठीले बरं वाटून राहिलं."

त्या पावसाळ्यात काकांनी सहावा झुला विणला, काकूंच्या मापाचा. काकू या कामात काकांच्या पुढे निघून गेल्या. सतरंजीच्या पट्टीऐवजी त्यांनी हुकाजवळ जुन्या जीनचं कापड शिवलं. झुला ठेवायच्या पिशवीत कडुलिंबाचा पाला घालायला लागल्या, उंदीर आणि कसर लागू नये म्हणून. गल्लीतल्या बायका दुपारी शिकायला येऊ लागल्या आणि त्यांच्या बांगड्या, पिना, जोडवी यांनी स्टूल भरून जाऊ लागलं.

पुढच्या वर्षी मला अकोल्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली आणि मी राजापेठ सोडली. काही महिन्यांनी, काकांना राजापेठेत त्यांच्या झुल्यात ठेवून, काकूही मुलीच्या मदतीला अकोल्याला आल्या. झुला बरोबर आणला होता. एका रविवारी दुपारी त्यांचा फोन आला.

"सर, जरा इकडं या. इथले घरमालक भिंतीले हुक ठोकू देत नाई. माझ्याच्यानं त्यायले समजावनं होऊन नाई राहिलं."

मी गेलो. घरमालक म्हणजे निवृत्त बँक मॅनेजर, इस्त्रीच्या शर्टातले, तापलेले. भिंत पडेल, छत पडेल, खालचे लोक तक्रार करतील, असं त्यांचं चाललं होतं. मी कागदावर आकृती काढली. त्यांनी चष्मा लावून ती पाहिली आणि शंका काढल्या. बँकेचा माणूस, सहजासहजी पटेना. शेवटी काकूंनी मधल्या दोन खोल्यांच्या दारांवरच्या लोखंडी ग्रीलला दोरी बांधून झुला तात्पुरता टांगला आणि म्हणाल्या, "तुमीच बसून पाहा, भाऊ. पन पेन काढा खिशातलं."

त्यांनी पेन काढलं, घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या. "पाच मिनिटं," असं बजावून ते आत गेले. काकूंनी त्यांना दोनदा तिरपं केलं. मग ते काहीतरी बोलत होते, भिंतीच्या जाडीबद्दल, आणि बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सुटलं.

आम्ही वाट पाहिली. मग काकूंनी बोट ओठांवर ठेवलं, खिडकी लावून घेतली आणि मुलीला आणि मला घेऊन स्वयंपाकघरात आल्या. तिथे आम्ही तिघांनी उभ्यानेच चहा घेतला. कप ठेवताना आवाज होऊ नये म्हणून काकूंनी बशा दिल्याच नाहीत.